आरपार वारा

१

खिडकी बंद होती.

एवढंच. कुणी म्हणेल, त्यात काय मोठंसं? कोशावा, इथला तो बोचरा वारा, सुटला होता, त्यानेच लागली असेल. पण वाऱ्याने लागलेली खिडकी आदळते, उघडते, पुन्हा आदळते. ही तशी नव्हती. हिची पितळी मूठ फिरवून घट्ट बसवलेली होती. आणि दुहेरी तावदानांच्या मधल्या फटीतली जी लांबुळकी उशी कालिनाने सकाळी उपसून जमिनीवर टाकली होती, ती परत आपल्या जागी होती. नीट थोपटून ठेवलेली.

कालिना काळ्या पिशव्यांचा गुंडाळा छातीशी धरून खोलीच्या दारातच थबकली.

"ओब्रादकाका! शेवटच्या खोलीतली खिडकी तुम्ही लावलीत?"

"मी?" मधल्या खोलीतून ओब्रादचा घोगरा आवाज आला. "मी इथे कपाटाशी कुस्ती खेळतोय, इन्स्पेक्टरबाई. ते वर, मी खाली."

"मग कुणी लावली?"

"ज्याने लावली त्याला देव उदंड आयुष्य देवो. हा आरपार वारा म्हणजे साक्षात मरण आहे, पोरी. माझा मेहुणा..."

"तुमचा मेहुणा सिगारेटींनी गेला. तुम्हीच सांगितलंत."

"सिगारेटी त्याने जन्मभर ओढल्या, काही झालं नाही. एकदा घामाघूम होऊन दोन उघड्या दारांच्या मध्ये उभा राहिला, तर आठवड्यात गेला. आता तूच सांग, कशाने गेला?"

कालिनाने खिडकी पुन्हा उघडली. उशी उचलून अंगणात नेऊन टाकली. म्हातारा थापा मारतोय, तिने मनाशी म्हटलं, आणि ते म्हणताना तिला जरा बरंही वाटलं. या गावात उघडी खिडकी दिसली की लावल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. तिची स्वतःची आई बसमध्ये अनोळखी माणसांच्या अंगावरून हात घालून खिडक्या लावते. मग हे काय नवल?

२

नीशहून कामगार-सुरक्षेची पदवी घेऊन आल्यावर कालिनाला मिळालेली ही पहिलीच नोकरी. मेलेल्या माणसांची घरं रिकामी करून देणारी लहानशी कंपनी. वसंतात त्यांचा एक गडी बंद तळघरात बेशुद्ध सापडला होता. तो वाचला, पण मालकाने हाय खाल्ली आणि सुरक्षेसाठी माणूस ठेवलं. ते माणूस म्हणजे ही कालिना. दार वाजलं तरी दचकणारी, जिन्यात स्वतःच्याच सावलीला वाट देणारी.

तिचे नियम मात्र पक्के होते. आत शिरताच आधी खिडक्या उघडायच्या. मास्क नाकावर हवा, हनुवटीवर नाही. आणि बंद दारामागे एकट्याने जायचं नाही. कुणीच नाही, कधीच नाही.

हे सगळं खरं तर ओब्रादसाठी होतं. पोलादाच्या कारखान्यात त्याची उमर गेली होती, आणि आता उतारवयात तो या कंपनीत सामान हलवी. जिना चढला की त्याच्या छातीतून किटलीसारखी शिट्टी वाजे. त्याची बायको पहिल्याच दिवशी कालिनाचा हात धरून म्हणाली होती, "घरी बसत नाही गं तो. तू तेवढी त्याच्या श्वासाकडे बघ." तेव्हापासून कालिना दिवसभर त्या शिट्टीकडे कान लावून असे. शिट्टी ऐकू येतेय म्हणजे काका ठीक आहेत.

आजचं घर नुकत्याच वारलेल्या पर्सिदाबाईंचं होतं. बुटकं, लांबोडकं, स्मेदेरेवोच्या जुन्या गल्लीतलं. अंगणातून स्वयंपाकघर, त्यातून मधली खोली, मधल्या खोलीतून शेवटची, निजायची. तिन्ही दारं एका रेषेत. अंगणात उभं राहिलं तर नजर थेट त्या शेवटच्या खिडकीला जाऊन भिडावी.

आणि सगळं घर बुजवलेलं. खिडक्यांच्या सांध्यांवर कागदी पट्ट्या चिकटवलेल्या, थरावर थर. कुलपांच्या भोकांत कापूस. प्रत्येक दाराच्या तळाशी फडक्यांच्या घट्ट वळकट्या.

"म्हातारीने घराचा मुरंबा घातलाय," बाने म्हणाला. बाने म्हणजे ट्रकचा ड्रायव्हर, थट्टेखोर, आडदांड गडी. "झाकण उघडायला सुरी लागेल."

कालिनाने सकाळीच सगळ्या पट्ट्या टरकावल्या होत्या, कापूस उपसला होता, वळकट्या पिशवीत भरून ट्रकवर टाकल्या होत्या. वारा आत घुसला तेव्हा आतून जो वास आला, तो तिला अजून विसरता येत नव्हता. तो मेल्याचा वास नव्हता, बुरशीचाही नव्हता. डोक्यावरून पांघरूण घेऊन कुणी बराच वेळ श्वास घेत राहावं, तसा तो उबट, झोपेचा वास होता.

बाने आणि ओब्रादने शेवटच्या खोलीतल्या लोखंडी शेगडीचा धुराचा पाइप काढून ट्रकवर टाकला. शेगडी जड होती, तिला हातगाडी लागणार होती. ती तशीच कोपऱ्यात राहिली, वर काळं भोक घेऊन.

"कचराडेपोला जाऊन हातगाडी घेऊन येतो," बाने ट्रकमध्ये चढत म्हणाला. "तोवर काका, बाईंकडून मास्क लावायला शिका. हनुवटीला सर्दी होत नसते."

"तू गप. तुझ्या ट्रकची खिडकी लाव आधी, मानेला झोत बसतोय."

ट्रक वळून दिसेनासा झाल्यावर कालिनाच्या ध्यानात आलं की आपला फोन त्यातच चार्जिंगला राहिलाय.

३

अंगणात दगडी कठड्यावर बसून दोघांनी कॉफी घेतली. ओब्राद भिंतीच्या आडोशाला, कॉलर वर करून. त्याने चीज भरलेल्या बुरेकचा मोठा तुकडा कागदावर ठेवून तिच्यापुढे सरकवला.

"खा. वाळकी काटकी. कोशावा तुला उचलून बेलग्रेडला नेऊन टाकेल."

"काका, खरं सांगा. खिडकी तुम्हीच लावलीत ना?"

ओब्रादने कॉफीचा पेला खाली ठेवला. "माझ्या नातवंडांची शपथ. मी त्या खोलीत पाइप काढायला गेलो तेवढाच."

तो शपथ उगाच घेणारा माणूस नव्हता. कालिनाच्या मनात पाल चुकचुकली. पण तिने लगेच तिला झटकलं. शिकलेलं डोकं आहे आपलं. बाने असेल. जाता जाता खोडी काढून गेला असेल. तरी बरं, मघाशीच आपण खिडकीत वीट घालून ठेवलीय. आता ती लागायची नाही.

दोघं उठून आत आले. स्वयंपाकघर, मधली खोली. तिथे दोघंही थांबले.

शेवटच्या खोलीचं दार बंद होतं.

कालिनाने ढकललं. हललं नाही. ओब्रादने खांदा लावला तेव्हा तळाशी काहीतरी घासलं आणि दार कण्हत कण्हत आत सरकलं. आत कुणी नव्हतं. खिडकी बंद. वीट पलंगाच्या पायाशी भिंतीला लावून ठेवलेली, पाहुण्याने चपला काढून ठेवाव्यात तशी. आणि दारामागे जमिनीवर पलंगावरची चादर होती. घट्ट वळलेली. ढकलल्यामुळे मधे वाकली होती, पण तिच्या दोन्ही टोकांवर, जिथे ती कोपऱ्यात दाबून बसवली होती, तिथे बोटांचे खळगे होते.

कालिना त्या खळग्यांकडे बघत राहिली. बाने तर केव्हाच गेला होता. काका आपल्या शेजारी बसून कॉफी पीत होते. आणि समजा कुणी आलंच, तर दाराबाहेर पडून, दार ओढून घेऊन, मग ही वळकटी आतल्या बाजूने कशी बसवणार? बसवणारा आतच राहायला हवा.

कमरेचा गॅस-मापक तिने उचलून पाहिला. विषारी वायूने माणसाला भलतंसलतं दिसतं, हे ती शिकली होती. काटा हिरव्यात होता. हवा स्वच्छ होती. त्या क्षणी तो लालमध्ये दिसला असता तर तिला बरं वाटलं असतं.

ओब्रादने टोपी काढली. खिशातून चपटी बाटली काढून उंबऱ्यावर राकियाचे दोन थेंब सांडले. एरवी कालिनाने कामावर दारू म्हणून आकांडतांडव केलं असतं. आज तिने बाजूला सरकून त्याला जागा करून दिली.

"पर्सिदाबाई," तो हलकेच म्हणाला, "घर तुमचंच. आम्ही फक्त आवरतोय. रागावू नका."

"काका, बाने येईपर्यंत या खोलीत कुणी जायचं नाही."

"नाही जायचं," ओब्राद म्हणाला. पहिल्यांदाच त्याने तिचा नियम वाद न घालता मानला.

४

पण हात बांधून बसणं त्याच्या रक्तात नव्हतं. मधल्या खोलीतलं कपाट तेवढं अंगणात काढू, म्हणाला. अक्रोडाच्या लाकडाचं ते धूड दोघांनी तसूतसूने सरकवत स्वयंपाकघरात आणलं. कालिनाने सगळी दारं सताड उघडी ठेवली होती. कोशावा घराच्या या टोकातून शिरून त्या टोकाला शिट्टी घालत होता. कपाट उंबऱ्याबाहेर पडलं तेव्हा ओब्रादचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि कपाळावरून धारा लागल्या होत्या.

मग तो खोकायला लागला. असा, की भिंतीला धरून वाकला.

"पाठ ओली झाली," धाप सावरत तो म्हणाला. "बनियन बदलायला हवा." बायकोने पिशवीत घातलेला कोरडा बनियन त्याने बाहेर काढला आणि इकडेतिकडे बघितलं.

"इथेच बदला. मी अंगणात जाते."

"इथे? या झोतात? तू काय मला मारायला निघालीस?"

"मग हे अंगणाचं दार लावते."

"फळी निसटलीय त्याची, लागत नाही ते." तो मधल्या खोलीतून पुढे चालू लागला होता.

"काका! त्या खोलीत नाही. ठरलंय आपलं."

ओब्राद वळला. ओठ निळसर दिसत होते. "अगं, भूतबित सगळं खरं असेल, पण ओल्या पाठीवरचा वारा त्याहून खरा आहे. मनातल्या मनात एक 'आमच्या बापा' म्हण. आमेनच्या आत बाहेर येतो."

त्याला पुन्हा ढास लागली. वाटेत आडवं उभं राहायला हवं होतं, हे तिला कळत होतं. पण खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलेल्या म्हाताऱ्याला, कोरड्या बनियनसाठी तरसलेल्या माणसाला, हात धरून वाऱ्यात उभं करायचं तिच्या जिवावर आलं. तेवढ्यात तो आत गेलाही. दार लागलं.

कालिनाने प्रार्थना म्हटली. आमेन आलं. दार उघडलं नाही.

आतून खोकला ऐकू येत होता. मग खोकल्याबरोबर दुसरा एक आवाज येऊ लागला. थप. थप. थप. मऊ, सावकाश. लहान मुलाला ढास लागल्यावर पाठीवर थोपटावं तसा. खोकला हळूहळू निवळला. काका स्वतःच छाती थोपटत असतील.

"काका, झालं का?"

शेगडीचं झाकण करकरलं. काडी ओढल्याचा आवाज आला.

"काका, शेगडी पेटवू नका! पाइप नाहीये तिला! सगळा धूर खोलीत कोंडेल!"

तिने दार ढकललं. ते भिंतीचाच भाग असल्यासारखं घट्ट होतं. खाली वाकून तिने तळाच्या फटीत बोटं घातली. कापडाचं टोक हाती लागलं. ओलं, उबट, घामाने चिकटलेलं. ओब्रादचा मघाचा बनियन. त्याचीच वळकटी.

तिचा जीव भांड्यात पडला. म्हाताराच तो! सगळं तोच करतोय, सकाळपासून! ती हसलीसुद्धा असती. पण फट बघता बघता तिची नजर कुलपाच्या भोकाकडे गेली. सकाळी तिने कापूस उपसलेलं भोक. आतून तांबूस उजेड येत होता. तिने डोळा लावला.

उजेड विझला. तिने करंगळी आत घातली. मऊ लागलं. कापूस.

आणि नेमक्या त्याच क्षणी ओब्राद एकदाच खोकला. दुरून. खोलीच्या पार पलीकडून, खिडकीपासून.

५

ती कशी धावली हे तिलाच कळलं नाही. अंगण, फाटक, गल्ली.

"मदत! कुणी आहे का? माणूस अडकलाय आत!"

वाऱ्याने शब्द तोंडातून उचलले आणि नदीकडे नेले. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांवर लाकडी झडपा खाली ओढलेल्या होत्या. दारं बंद. कोशावा असला की इथे कुणी नाक बाहेर काढत नाही. तिने शेजारच्या दारावर मुठी आपटल्या, त्याच्या पुढच्या दारावर आपटल्या. आत कुठेतरी रेडिओ चालू होता. तो कुणी बारीक केला नाही.

ती परत फिरून, घराला वळसा घालून मागे, शेवटच्या खोलीच्या खिडकीशी गेली. बाहेरून लोखंडी गज, आत पट्ट्यांची झडप. सकाळी ही झडप वर होती. आता खालपर्यंत आली होती. फक्त एक पट्टी तिरकी झाली होती. गजांना गाल टेकवून तिने त्या फटीतून पाहिलं.

आत निळसर धुराचा थर लोंबत होता. त्याखाली शेगडीचा लाल उजेड. ओब्राद पलंगाच्या कडेला बसला होता, खिडकीकडे पाठ करून. उघडी पाठ कोरडी पुसलेली होती. मान एका बाजूला कलली होती, पेंग आल्यासारखी. दोन्ही हात वर होते, आज्ञाधारक पोरासारखे, आणि बनियन डोक्यावरून घातला जात होता.

तिला हायसं वाटलं. हलतोय. जिवंत आहे.

मग बनियन पाठीवरून खाली ओढला गेला. मागचा काठ धरून, हलक्या हाताने, सुरकुत्या सारख्या करत. कालिना बघत राहिली. ओब्रादचे दोन्ही हात अजून वरच होते.

"काका!" तिने गजांवर तळवे आपटले. "उठा! उठा, काका!"

फट बंद झाली. तिरकी पट्टी आतून कुणीतरी सरळ केली.

६

ती पुन्हा घरात शिरली. का, ते तिला सांगता आलं नसतं. पाय तर उलट्या दिशेला ओढत होते. पण त्या खोलीत एक माणूस पेंगत होता, आणि असल्या धुरातली झोप कशी असते हे त्या गल्लीत फक्त तिलाच ठाऊक होतं. ती गोड असते. तिच्यातून कुणी स्वतःहून उठत नाही.

मधल्या खोलीत वारा घोंघावत होता. मागे अंगणाचं दार भिंतीवर धाड धाड आपटत होतं. स्वयंपाकघर आणि मधल्या खोलीमधलं दारही उघडं होतं. कोशावा तिच्या पाठीतून आरपार जाऊन बंद दाराला धडका देत होता. दार आता हाताला कढत लागत होतं. कमरेचा मापक टिकटिकायला लागला होता.

तिने दाराला कान लावला. शिट्टी ऐकायची होती तिला. ती किटलीची, रोजची, वात आणणारी शिट्टी. आत लाकूड तडतडत होतं. पांघरूण ओढल्याची, खोचल्याची सळसळ होती. शिट्टी होती की नव्हती, वाऱ्यात कळत नव्हतं. होती. नव्हती.

तिने खांद्याने धडक दिली. पुन्हा दिली. हाड दुखावलं. दार केसभर हललं नाही.

"ओब्रादकाका! बोला ना! एकदा बोला!" तिचा आवाज चिरकला. "काका! कुणीतरी बोला हो! आत कोण आहे? दार उघडा, तो मरेल! ऐकू येतंय का? दार उघडा!"

आतली सळसळ थांबली. पावलं आली. मऊ, लोकरी मोज्यांतली, घाई नसलेली. दाराशी थांबली. फक्त फळीएवढ्या अंतरावर.

"हळू, पोरी," बाईचा म्हातारा, मायाळू आवाज आला. "आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा. आधी तुझ्या मागचं दार लाव. मग मी हे उघडते."